मस्कीसाठी तलाव कसा शोधायचा आणि सहल कशी आखायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागो, मिनियापोलिस, न्यू जर्सी, टोरांटो या भागांत राहणाऱ्या आणि गळाची हौस असलेल्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बास आणि वॉलाय पकडून झाले की कुणीतरी मस्कीचा फोटो दाखवतं आणि मग एकच विचारणा सुरू होते: जायचं कुठे? आमिषं, रॉड, रील यांवर लोक तासन् तास बोलतात, पण मस्कीच्या बाबतीत खरा निर्णय तलावाचा असतो. म्हणून इथे भर त्यावरच आहे.

मस्की म्हणजे नेमका कोणता मासा?

पूर्ण नाव मस्केलंज. पाइकच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा, आणि फक्त उत्तर अमेरिकेत सापडतो: ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी, मिसिसिपीचं वरचं खोरं, ओहायो नदीचं खोरं. १९५५ पासून तो विस्कॉन्सिनचा राज्य-मासा आहे. लांबट अंग, चपटं तोंड, सुईसारखे दात. पाणवनस्पतीच्या कडेला किंवा खडकाच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि एका झेपेत शिकार उचलतो. 'टायगर मस्की' हा मस्की आणि नॉर्दर्न पाइक यांचा संकर. त्याला पिल्लं होत नाहीत, त्यामुळे तो जिथे असेल तिथे बहुतेक वेळा मत्स्यविभागानेच सोडलेला असतो.

भारतात मस्की मिळतो का?

नाही. तिकडे मोठ्या, झुंजार माशाची हौस असेल तर महसीर आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पैदास कित्येक दशकं चालू आहे. पण ती मासेमारी निराळी आणि नियमही निराळे.

याला 'दहा हजार फेकींचा मासा' म्हणतात. इतकं अवघड असतं का?

आकडा अतिशयोक्तीचा आहे, पण त्यामागचं कारण खरं आहे. अन्नसाखळीत मस्की सर्वांत वर असतो, त्यामुळे त्याची संख्या मुळातच थोडी. चांगल्या तलावातही एकरी एक प्रौढ मस्की सहसा नसतो. एकराला ०.३ हे प्रमाण धरलं तर हजार एकरांच्या तलावात प्रौढ मासे साधारण तीनशे. त्यातले बरेचसे दिवसभर काही खात नाहीत. हा हिशोब नीट समजला की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, जिथे मासेच विरळ आहेत तिथे नवशिक्याने पहिली सहल काढू नये. दुसरी, तलावाचा बहुतांश भाग रिकामाच असतो, त्यामुळे आपला वेळ मोजक्या जागांवर घालवावा.

तलाव शोधायला सुरुवात कुठून करायची?

सरकारी माहितीपासून. ती फुकट असते आणि दुकानात ऐकलेल्या गप्पांपेक्षा कितीतरी भरवशाची. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग असतो, सगळे त्याला डीएनआर म्हणतात (काही राज्यांत नाव वेगळं आहे). मिनेसोटाच्या डीएनआरचं 'लेकफाइंडर' उघडलं तर हजारो तलावांचं क्षेत्रफळ, खोली, आतापर्यंतचे सर्व्हे आणि कोणत्या वर्षी किती पिल्लं सोडली याच्या नोंदी सापडतात.

विस्कॉन्सिनने तर निम्मं काम करूनच ठेवलं आहे. तिथे मस्कीची सातशेहून अधिक पाणी आहेत आणि त्यांची प्रतवारी केलेली आहे. 'ए-१' म्हणजे मोठ्या माशांचं पाणी: मासे कमी, पण जो लागेल तो आयुष्यभर लक्षात राहील असा. 'ए-२' म्हणजे हालचालीचं पाणी: मासे जास्त, आकार मध्यम. 'बी' आणि 'सी' त्याखालोखाल. याखेरीज कुठे मस्की आपोआप वाढतो आणि कुठे पिल्लं सोडल्याशिवाय टिकत नाही, तेही दिलेलं असतं.

माझं मत विचाराल तर पहिले दोन हंगाम 'ए-२' सोडून कुठे जाऊ नका. मस्की बोटीमागून येताना दिसणं, त्या क्षणी हात न थरथरणं, ही सवय मासा वारंवार दिसल्याखेरीज लागत नाही. 'ए-१' वर आठवडाभर एकही मासा न बघता घरी परतलेला माणूस पुन्हा रॉड हातात घेत नाही, हे मी बघितलं आहे.

सर्व्हेचा अहवाल उघडला, पण कळत काहीच नाही. नेमकं काय बघायचं?

तीन गोष्टी.

आधी तारीख. मस्कीचा खरा सर्व्हे वसंतात होतो. बर्फ वितळल्यावर मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, तेव्हा मोठी जाळी लावून ते मोजतात. उन्हाळ्यात वॉलाय किंवा पॅनफिशसाठी केलेल्या सर्व्हेत मस्कीची संख्या शून्य दिसली म्हणून निराश होऊ नका, त्या जाळ्यांत मस्की सहसा सापडतच नाही.

मग लांबीनिहाय तक्ता. बहुतेक मासे ३२ ते ३८ इंचांत दाटलेले असतील तर दिवसाला दोन-तीनदा मासा दिसण्याची आशा धरता येते. मासे मोजकेच पण ४५ इंचांच्या वरचे असतील तर ते संयमाचं पाणी. दोन्ही टोकांना मासे आणि मध्ये पोकळी असेल, तर काही वर्षं पिल्लं सोडलेली नाहीत किंवा जगलेली नाहीत असा अंदाज बांधावा.

तिसरी गोष्ट पिल्लं सोडल्याच्या नोंदी, आणि मला सगळ्यात जास्त रस यातच आहे. शरद ऋतूत सोडलेली पिल्लं बोटाएवढी नसतात, चांगली दहा-बारा इंचांची असतात, त्यामुळे त्यातली बऱ्यापैकी जगतात. पुष्कळ तलावांत ती एका आड एक वर्षी सोडतात. मादीला ५० इंच गाठायला साधारण पंधरा वर्षं लागतात, कुठे कमी, कुठे जास्त. म्हणजे आज एखाद्या तलावात २०१० च्या सुमारास भरपूर पिल्लं सोडल्याची नोंद दिसली, तर तिथले मासे आता जोरात असायला हवेत. ज्या तलावाचं नाव कुणाच्याच तोंडी नाही असा तलाव या नोंदींतूनच हाती लागतो.

शंका राहिली तर त्या काउंटीच्या मत्स्य-जीवशास्त्रज्ञाला फोन करा. नंबर विभागाकडे मिळतो, आणि ही माणसं मनापासून बोलतात. 'मासा कुठे मिळेल' असं विचारण्यापेक्षा 'मागच्या वसंतातल्या सर्व्हेत प्रौढ मस्की किती आढळले' असं विचारा. उत्तर लांबलचक मिळतं.

नकाशात कोणत्या खुणा शोधायच्या?

सह्याद्रीत नकाशा घेऊन फिरलेल्यांना हे पटकन जमतं. पाण्याखालची समोच्चरेषांची जमीन डोंगरासारखीच वाचायची: सोंड, खिंड, कडा, पठार. किनाऱ्यापासून आत शिरलेली सोंड, तिच्या टोकाशी अचानक वाढणारी खोली आणि वर हिरवी पाणवनस्पती असेल, तर तिथे मस्की असण्याची शक्यता दाट. दोन बेटांमधली खिंड, खोल पाण्यातून वर आलेला खडकाळ उंचवटा, ओढा येऊन मिळतो ती जागा, याही खुणा करून ठेवा. रुंद पानांची वनस्पती, जिला तिथले लोक 'कॅबेज' म्हणतात, दिसली की ती जागा सोडू नका.

मात्र तळ नुसता चांगला असून भागत नाही, खाद्य हवं. तलावात सिस्को किंवा सकर हे खाद्य-मासे असतील तर मस्की जाडजूड होतो. सिस्को थंड, प्राणवायू असलेल्या खोल पाण्यात राहतो, म्हणून त्याच्या मागे असलेले मोठे मस्की उन्हाळ्यात किनारा सोडून मधल्या खोल पाण्यावर तरंगत असतात. हे माहीत नसेल तर माणूस दिवसभर वनस्पतीच्या कडेला फेकत बसतो, आणि मासे त्याच्या पाठीमागे असतात.

आमच्या शहराजवळ काय आहे?

*शिकागो:* पश्चिमेला शॅबोना लेक. साधारण ३२० एकरांचा, स्टेट पार्कमधला, सुरुवातीला उत्तम. उत्तरेला फॉक्स चेन ओ'लेक्स, तिथेही मासे चांगले आहेत, पण उन्हाळ्यात शनिवार-रविवारी स्पीडबोटींची एवढी गर्दी असते की पहाट किंवा मधला वार गाठावा. थोडं पुढे गेलात तर मिलवॉकीच्या पश्चिमेला प्युवॉकी लेक.

*मॅडिसन:* लेक विंग्रा आणि मोनोना, दोन्ही अगदी शहरात. विंग्रा छोटा आहे आणि मस्कीची संख्या चांगली. कयाक घेऊन संध्याकाळी दोन तास जाऊन येता येतं.

*मिनियापोलिस-सेंट पॉल:* मिनेटोंका आणि व्हाइट बेअर लेक घराजवळ. उत्तरेला शंभरेक मैलांवर मिल लॅक्स. तो मात्र एक लाख तीस हजार एकरांच्या आसपासचा उघडा समुद्रच आहे, मासे विरळ आणि प्रचंड. राज्याचा विक्रमी मस्की तिथलाच: ५५ पौंड १४.८ औंस, नोव्हेंबर २०२१. वारा वाढला तर छोट्या बोटीने तिथे उतरू नये.

*न्यू जर्सी:* लेक होपॅटकाँग, ग्रीनवूड लेक, मंक्सव्हिल जलाशय. एडिसनकडच्या कित्येकांना आपल्या राज्यात मस्की आहे हेच ठाऊक नसतं. राज्याचा विक्रम, ४२ पौंड १३ औंस, १९९७ मध्ये मंक्सव्हिलमध्येच झाला.

*व्हर्जिनिया:* न्यू रिव्हर आणि जेम्स रिव्हर. इथे तलाव नाही, वाहतं पाणी. तराफा किंवा कयाकवरून उतरत्या प्रवाहात गळ टाकायचा.

*टोरांटो:* कवार्था लेक्स. आकार थोडा लहान, पण मासे पुष्कळ. ओंटारिओत पहिला मस्की पकडायला यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

हेवर्डला जावं का?

उत्तर विस्कॉन्सिनमधलं हे गाव मस्कीसाठीच ओळखलं जातं, जरूर जावं. १९४९ साली जवळच्या दोन पाण्यांतून आलेल्या दोन माशांवर जागतिक विक्रमाचा वाद आजही चालू आहे: चिपेवा फ्लोएजमधला ६९ पौंड ११ औंसांचा आणि लाक कूट ओरेइमधला ६७ पौंड ८ औंसांचा. दोन संस्था दोन वेगळे विक्रम मानतात आणि दोन्हींवर शंका घेणारेही आहेत. गावात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं संग्रहालय आहे, मस्कीच्या आकाराचं, चार मजल्यांहून उंच, जबड्यात उभं राहून गाव बघता येतं. मुलं तिथून निघायला तयार नसतात.

चिपेवा फ्लोएज हा १९२३ मध्ये धरण बांधून झालेला जलाशय, सुमारे १५,३०० एकरांचा. त्या पाण्याखाली ओजिब्वे या मूळनिवासी लोकांची वस्ती आणि दफनभूमी गेली. कोयना किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको. आसपास आजही ओजिब्वे राखीव क्षेत्र आहे. राखीव क्षेत्राच्या आतल्या काही तलावांना त्यांचा वेगळा परवाना लागतो, काहींत बाहेरच्यांना मनाई असते. आधी विचारूनच बोट उतरवा.

फक्त मोठाच मासा हवा असेल तर?

तर ग्रीन बे, मिल लॅक्स, लेक व्हर्मिलियन, लेक सेंट क्लेअर, सेंट लॉरेन्स नदी, जॉर्जियन बे, आणि वायव्य ओंटारिओतले ईगल लेक, लाक स्यूल आणि लेक ऑफ द वूड्स. जॉर्जियन बेमध्ये १९८८ साली ६५ पौंडांचा मासा मिळाला होता. यातल्या बऱ्याच पाण्यांत ५४ इंचांखालचा मासा ठेवता येत नाही आणि लाक स्यूलमध्ये तर प्रत्येक मस्की सोडावाच लागतो. तिथले मासे मोठे राहण्यामागे हे नियमही आहेत.

कोणत्या महिन्यात जावं?

हंगाम आधी बघा. मिनेसोटात जूनच्या पहिल्या शनिवारी सुरू होऊन १ डिसेंबरला संपतो. विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात मेच्या पहिल्या शनिवारी, उत्तर भागात मेअखेरीस. वायव्य ओंटारिओत जूनच्या तिसऱ्या शनिवारी. तारखा बदलतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा.

जूनमध्ये मासे उथळ पाण्यात असतात, आमिष छोटं चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये भूक जबरदस्त, आमिष वेगाने ओढायचं. पण पाणी ८० फॅरेनहाइटच्या वर गेलं की थांबा. गरम पाण्यात झुंजलेला मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसतो आणि काही तासांनी मरतो. त्या दिवसांत वॉलाय पकडा, मुलांना पोहायला न्या. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा मोठ्या माशांचा काळ. रेसॉर्ट स्वस्त, पाणी मोकळं, थंडी मात्र हाडापर्यंत जाणारी.

चंद्र बघून जायचं म्हणतात, ते खरं का?

थोडंसं. २०१४ च्या एका अभ्यासात तीन लाखांहून अधिक मस्कींच्या नोंदी तपासल्या. पौर्णिमा-अमावस्येचा परिणाम आढळला, पण जास्तीत जास्त पाचेक टक्क्यांचा. सुट्टी मिळत असेल तर तिथी बघा, तिथीसाठी सुट्टी मोडू नका. रोजचा चंद्रोदय आणि चंद्रास्त मात्र लिहून ठेवा आणि त्या वेळी सगळ्यात चांगल्या जागेवर असा.

बोट नाही. गाईड घ्यावा का?

सहलीच्या पहिल्या दिवशी घ्यावा, शेवटच्या नाही. पहिल्या दिवशी शिकलेलं उरलेले दिवस वापरता येतं. ठरवताना सरळ विचारा: आमिषं आणि रॉड तुमचे की आमचे? फेकायचं की ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणं)? पाऊस-विजेमुळे फेरी रद्द झाली तर आगाऊ रकमेचं काय? 'आम्हाला मासा नाही मिळाला तरी चालेल, पाणी वाचायला शिकायचंय' असं सांगितलंत तर बहुतेक गाईड खुश होतात. दिवसअखेर टिप देण्याची रीत आहे.

कमीत कमी साहित्य काय लागतं?

साडेआठ-नऊ फुटांचा दणकट रॉड, ८० पौंडांची ब्रेडेड लाइन, जाड फ्लोरोकार्बनचा किंवा तारेचा लीडर (लाइन आणि आमिष यांच्यामधला मजबूत तुकडा). लीडरशिवाय दात लाइन कापतात आणि गळ माशाच्या तोंडातच राहतो. आमिषं चारच पुरेत: एक बकटेल स्पिनर (केसांचा झुपका आणि फिरतं पातं असलेलं), एक रबरी, एक पृष्ठभागावर आवाज करणारं, एक जर्कबेट (झटके देत ओढायचं). पैसे वाचवायचे तर आमिषांत वाचवा. रबराचा लेप असलेलं मोठं जाळं, लांब पक्कड आणि गळ तोडायचा कटर या तिन्हींत काटकसर नको.

मासा बोटीपर्यंत येतो आणि परत जातो. काय करायचं?

प्रत्येक फेकीच्या शेवटी बोटीच्या कडेला पाण्यात आमिषाने आठचा आकडा काढायचा, मासा दिसो वा न दिसो. लीडर रॉडच्या टोकापासून फूटभर अंतरावर आला की ते टोक पाण्यात बुडवा आणि मोठं, रुंद वळण घ्या. वळण अरुंद असेल तर चार फुटांचं अंग वळवणं माशाला जमत नाही. बाहेरच्या वळणावर आमिष थोडं वर उचला, वेग वाढवा. बहुतेक वेळा मासा तिथेच तोंड उघडतो. नाहीच लागला तर जागा आणि वेळ वहीत लिहा आणि तिन्हीसांजेला तिथेच परत या.

कॅनडात जायचं तर?

भारतीय पासपोर्टवर एच-१बी असाल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो, आणि त्याला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. म्हणून बुकिंगच्या आधी तो अर्ज. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पण वैध पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसा संपलेला असेल तर निघण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद असलेल्याला सीमेवरून परत पाठवू शकतात. लेक ऑफ द वूड्ससारख्या तलावात बोटीने सीमा ओलांडली तरी ते परदेशगमनच.

ओंटारिओत आउटडोअर्स कार्ड (प्रांताचं ओळखपत्र) आणि मासेमारीचा परवाना सहसा दोन्ही लागतात. स्वस्त 'कॉन्झर्व्हेशन' परवान्यावर मस्की ठेवता येत नाही, पण सोडायचाच असेल तर तो पुरतो. आमिषाचे मासे सोबत नेऊ नका, बाहेरून आणायला बंदी आहे.

कुटुंब सोबत आहे आणि आम्ही शाकाहारी आहोत. जमेल का?

छान जमतं. उत्तरेकडच्या रेसॉर्टांत स्वयंपाकघर असलेल्या केबिन मिळतात. तिखट, मसाले, पोहे, डाळ-तांदूळ आणि कुकर बरोबर न्या. गावातल्या दुकानात दूध, बटाटे, कांदे मिळतात, कोथिंबिरीची खात्री नाही. उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी शनिवार ते शनिवार असंच बुकिंग घेतात, त्यामुळे चार दिवसांचा बेत असेल तर सप्टेंबर सोयीचा. रानात गोचीड असतात, संध्याकाळी मुलांचे पाय तपासा. अंधार पडताना रस्त्यावर हरणं येतात, गाडी हळू.

मासा सोडलाच पाहिजे का?

नियमाने काही ठिकाणी विशिष्ट लांबीवरचा ठेवता येतो. मी म्हणेन, सोडा. १९६६ मध्ये स्थापन झालेली मस्कीज इंक. ही संघटना कित्येक वर्षं हेच सांगत आली आहे, आणि आजचे मोठे मासे त्याचंच फळ आहेत. मासा जाळ्यात पाण्यातच ठेवा, गळ तिथेच काढा, अडकला तर कापून टाका. फोटोसाठी कॅमेरा तयार झाल्यावरच उचला, आडवा, दोन्ही हातांनी, एका हाताने पोट सावरून. अर्ध्या मिनिटात परत पाण्यात. फोटो टाकताना छोट्या तलावाचा किनारा ओळखू येत असेल तर तो झाका, दोनशे एकरांचं पाणी एका व्हायरल फोटोने एका उन्हाळ्यात थकतं.

एका सहलीत किती तलाव करावेत?

चार दिवसांत दोन, फार तर तीन, आणि एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या आत. एक मोठा, एक छोटा असा जोड निवडा, म्हणजे वारा सुटला तर छोट्यावर आसरा मिळतो. एकाचं पाणी गढूळ आणि दुसऱ्याचं स्वच्छ असेल तर आणखी बरं: लख्ख उन्हात गढूळ पाणी चालतं, ढगाळ दिवशी स्वच्छ. पहिल्या दिवशी गाईडबरोबर, दुसऱ्या दिवशी तेच पाणी स्वतः. तिसऱ्या दिवशी दुसरा तलाव. चौथ्या दिवशी नवीन काही शोधू नका, वहीत लिहिलेल्या ज्या ज्या जागी मासा मागे आला होता, तेवढ्याच जागा पुन्हा करा.

एका तलावातून दुसऱ्यात जाताना बोटीचा आणि ट्रेलरचा प्रत्येक कोपरा पुसून वनस्पती काढा, सगळं पाणी ओता, बोटीचं बूच काढूनच रस्त्यावर या. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये हा कायदा आहे. झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून आलेले आणि तलाव बिघडवणारे शिंपले, याच पाण्यातून पसरतात, आणि एकदा आले की परत जात नाहीत.